'बघू' म्हणजे हो की नाही?

माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचा हिशोब ठेवतो. त्याला ऑटिझम आहे. मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात, पण तो शब्द मला पटत नाही. आमचं बोलणं आमच्यापेक्षा तोच जास्त मन लावून ऐकतो. ऐकतो ते शब्द. त्यामागं आपण जे दडवतो ते त्याला आपोआप कळत नाही. अशा माणसाशी कसं बोलायचं, हे आम्ही चुकत चुकत शिकलो.

राग आला असेल तर 'राग आलाय' असंच म्हणा. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत, होम मैदानावर, त्याला पाळण्याकडं जायचं होतं आणि मी दमले होते. आवाज चढवून म्हणाले, "जा, कर काय करायचं ते." तो गेला. त्या गर्दीत पाऊण तास मी रडत त्याला शोधत होते. तो तिकिटाच्या रांगेत शांत उभा होता. "ताई, तूच जा म्हणालीस ना?" म्हणाले होते खरंच. माझा सूर 'जाऊ नको' सांगत होता आणि शब्द 'जा'. आता मी म्हणते, "मी दमलेय, चिडलेय. दहा मिनिटं इथं बसू, मग दोघं जाऊ." तो बसतो.

काम सांगायचं तर प्रश्न विचारू नका. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं आलं की घरात धांदल. आई ओरडायची, "अरे, पाणी आलंय, दिसत नाही का?" तो म्हणायचा, "दिसतंय." आईला ते उलट उत्तर वाटायचं. ते खरं उत्तर होतं. "दोन्ही पिंपं भर आणि नळ बंद कर" म्हटलं की तो आमच्या कुणापेक्षा नीट भरतो.

'बघू', 'राहू दे', 'काही नाही' हे शब्द जपून वापरा. 'बघू' म्हटल्यावर तो वाट बघतो, खरोखर, दिवसचे दिवस. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, ठरलं नसेल तर कधी ठरेल तो वार सांगा.

मराठी मात्र सपाट करू नका. मीठ संपलं तर आजी 'मीठ वाढलं' म्हणते, निघताना आत्या 'येते' म्हणते. पूर्वी तो दाराशी थांबून विचारायचा, "किती वाजता?" आत्याच्या तोंडून 'जाते' निघणार नाही, आणि निघूही नये. म्हणून ती पुढं जोडते, "येते रे, म्हणजे आता घरी चालले, रविवारी येईन." असे शब्द त्याला आवडतात, त्याने त्यांची वही केलीय.

विचारल्यावर थांबा. तेच वाक्य फिरवून पुन्हा विचारलं की त्याच्यासाठी तो नवा प्रश्न होतो आणि विचार पहिल्यापासून सुरू होतो.

सगळं त्यानंच शिकावं, हा हट्ट मी सोडला. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली मांडलं की ही अडचण दोन्हीकडची आहे: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळीतून गोष्ट पुढं सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती, एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच नीट पोचली. जास्त गळाली ती दोन्ही मिसळलेल्या साखळीत.

त्याला आम्ही एकच वाक्य दिलं: "म्हणजे मी काय करू?" हे विचारल्यावर घरात कुणी कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत, हे आधी ठरवलं. कारखान्यात मुकादमालाही मी जाऊन सांगून आले. परवा मुकादम त्याला म्हणाला, "आज जरा लवकर आटप." यानं विचारलं, "म्हणजे मी काय करू?" मुकादम क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पाच वाजायच्या आत चाळीस गठ्ठे मोजून दे." पावणेपाचला चाळीस गठ्ठे मोजून झाले होते.