कोकणात समुद्रावर साधा तंबू टाकून रात्र काढायची असेल तर काय काय बघायचं

बीच कॅम्पिंग म्हटलं की आजकाल अलिबाग-रेवदंड्याकडे रांगेने लावलेले तंबू, बार्बेक्यू आणि मोठ्ठा स्पीकर एवढंच डोळ्यासमोर येतं. मी त्याबद्दल बोलत नाहीये. आपला तंबू आपण न्यायचा, पाणी आपण न्यायचं, लाईट नाही, संडास नाही, मॅनेजर नाही, फक्त वाळू आणि समुद्र, अशी रात्र कशी काढायची ते सांगतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे किनारे डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, कारण मला तेच नीट माहितीयेत, पण यातलं बरंचसं कुठल्याही वाळूच्या किनाऱ्याला लागू पडेल.

सगळ्यात आधी तारीख ठरवायची, आणि ती ऑफिसच्या सुट्टीवरून नाही तर तिथीवरून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सीझन, जून ते सप्टेंबर विषयच सोडून द्या. आता या चार महिन्यांत बहुतेक लोक पौर्णिमा पकडून जातात, चांदणं असतं म्हणून. पण पौर्णिमा आणि अमावस्येला उधाण असतं, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं, आणि आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशीची भरती साधारण दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे तुम्ही गाढ झोपेत असताना पाणी सगळ्यात जवळ. त्यात अजून एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती असते: दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात दुपारची मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. त्यामुळे दुपारी पोचलात, पाणी कुठपर्यंत आलंय ते बघितलं, त्याच्या चार पावलं वर तंबू लावला आणि निवांत झालात, तर रात्रीचं पाणी त्याच्याही वर येऊ शकतं. कॅम्पिंगचा सीझन हिवाळ्याचा आणि मोठी भरतीही हिवाळ्यात रात्रीचीच, हे डोक्यात पक्कं ठेवा.

म्हणून मी सांगेन की शुद्ध सप्तमी-अष्टमी-नवमी बघून जा. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही, चंद्र मध्यरात्रीपर्यंत असतो आणि मग मावळतो, त्यामुळे चांदणंही मिळतं आणि नंतर ताऱ्यांनी भरलेलं आभाळही. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब कोळी लोक अजून वापरतात, तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि पुढची त्यानंतर सव्वाबारा-साडेबारा तासांनी. यात तासभर इकडेतिकडे होतं, दक्षिणेला जरा लवकरच येते, तेव्हा हा हिशोब अंदाजापुरता ठेवा आणि जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं टेबल मोबाईलवर बघून घ्या, त्यात वेळेबरोबर मीटरमध्ये उंचीही दिलेली असते. मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे मुंबईचा आकडा बघून मालवणात घाबरू नका आणि मालवणच्या अनुभवावर डहाणूला जाऊन तंबू लावू नका.

गावात आधी विचारा

हा भाग लोक गाळतात आणि मला त्याचाच सगळ्यात राग येतो. किनारा रिकामा दिसतो पण तो कुणाचा ना कुणाचा कामाचा असतो. होड्या वर ओढायची जागा असते, जाळी वाळत घालायची जागा असते, सिंधुदुर्गात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायची जागा असते, आणि पहाटे पंचवीस-तीस माणसं दोरखंड धरून जिथे उभी राहणार तिथेच तुमचा तंबू असेल तर ते बरोबर नाही. मागचं सुरूचं बन पुष्कळ ठिकाणी वनखात्याचं असतं. आणि 2008 साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले, तेव्हापासून किनाऱ्यावर रात्री अनोळखी माणसं दिसली की गाववाले आणि सागरी पोलीस चौकशी करतातच, करायलाच पाहिजे. म्हणून अंधार पडायच्या दोन-तीन तास आधी पोचा, ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलांना भेटा, आधारकार्ड जवळ ठेवा, किती जण आहोत, कुठे राहणार, कधी निघणार ते सांगा. नाही म्हणाले तर वाद न घालता पुढच्या गावी जा. गोव्यात तर किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करणं आणि दारू पिणं याला दंड आहे, तिकडे इथल्यासारखं चालेल असं धरून जाऊ नका.

विचारायचा दुसरा फायदा म्हणजे जागा तेच दाखवतात. वाळूत काठी रोवून एखादे काका सरळ सांगतात, "हयसर नको, राती पाणी येतला, थयसर वर टाका." तुम्ही दहा व्हिडिओ बघितलेत तरी त्या वाक्याची किंमत जास्त आहे.

कासवांचंही तिथेच विचारा. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, पिल्लं मेपर्यंत निघतात, म्हणजे बरोबर आपल्याच सीझनला. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर गावातलीच माणसं घरटी राखतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली हे काम सुरू केलं, आणि आज कोकणात पिल्लं समुद्रात जाताना बघायला मिळतात ती या माणसांनी रात्र रात्र किनाऱ्यावर फिरून घरटी शोधली म्हणून. पिल्लू जिकडे उजेड दिसेल तिकडे चालतं, आणि मादी उजेड आणि हालचाल बघून अंडी न घालताच परत जाते. त्यामुळे अशा किनाऱ्यावर सीझनमध्ये तंबू नाही, शेकोटी नाही, पांढरा टॉर्च नाही. बघायचं असेल तर गावात घरगुती राहा आणि कासवमित्रांबरोबर सकाळी जा. बाकीच्या किनाऱ्यांवर पण रात्री टॉर्चला लाल कागद लावाच.

जागा आणि तंबू

वाळूवर सुकलेलं शेवाळ, करवंट्या, थर्माकोलचे तुकडे, चपला यांची एक वेडीवाकडी रेघ दिसते, ती शेवटच्या भरतीची. कधी दोन रेघा असतात, तर वरची धरा. त्याच्याही वर जिथे मर्यादवेल सुरू होते, ती जांभळ्या फुलांची, तिथपर्यंत समुद्र रोज येत नाही. तंबू त्या वेलीच्या कडेला मोकळ्या वाळूत, वेलीवर नाही, ती वाळू धरून ठेवते. माडाखाली कधीच नाही, नारळ आणि झावळी पडायला वेळ विचारत नाहीत. जांभ्याच्या कड्याच्या पायथ्याशी नाही. आणि खाडीच्या मुखाशी तर नाहीच नाही, ती जागा दिसायला सगळ्यात सुंदर असते पण पाणी तिथे दोन्ही बाजूंनी येतं.

आता वाऱ्याचं बघा. दुपारी आणि संध्याकाळी वारा समुद्राकडून, खारे वारे, आणि पहाटे उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, मतलई वारे, आणि हा थंड असतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा खायचाय. म्हणून तंबूची अरुंद बाजू समुद्राकडे आणि दुसरी अरुंद बाजू गावाकडे, लांबट बाजू आडवी वाऱ्यात देऊ नका, रात्रभर फडफड होते.

तंबूबरोबर मिळणारे बारीक खिळे वाळूत काहीच धरत नाहीत, हाताने ओढले तरी येतात. इथे पिशव्या लागतात. जाड कापडाच्या पाच-सहा पिशव्या किंवा सिमेंटच्या गोणीचे तुकडे घ्या, तिथलीच वाळू भरा, तोंड बांधा, दोरी पिशवीच्या मधोमध आवळा. मग कोपरापर्यंत हात जाईल एवढा खड्डा, वरची कोरडी वाळू बाजूला करून खालच्या ओलसर वाळूपर्यंत, त्यात पिशवी आडवी ठेवायची, दोरी तिरकी तंबूकडे काढायची, वाळू लोटायची, पायाने चेपायची, वर बादलीभर समुद्राचं पाणी ओतायचं आणि परत चेपायचं. पाच मिनिटांनी दोरी जोरात ओढून बघा, हलली तर अजून खोल. पिशवी नसेल तर हातभर लांबीचं लाकूड असंच आडवं पुरलं तरी चालतं. वरचं कव्हर आभाळ स्वच्छ असलं तरी लावाच, कोकणात थंडीतलं दव इतकं पडतं की सकाळी कापड पिळून निघतं.

पाणी, चूल, जेवण

पाणी माणशी चार-पाच लिटर धरा, स्वयंपाकासकट, एका रात्रीला. विहीर बहुतेक गावात असते, विचारून भरून घ्या.

चूल भरतीच्या रेघेच्या खाली, मोकळ्या वाळूत, सुरूच्या बनापासून चांगली लांब, कारण सुरूची वाळलेली पानं भसाभस पेटतात. वीतभर खोल खड्डा करून त्यात जाळ केला की वारा लागत नाही. लाकडं तोडायची नाहीत, गावात सोडणं (नारळाची वाळलेली सालं) आणि करवंट्या मिळतात, करवंटीचा निखारा फार छान होतो. सकाळी होडी किंवा रापण आली की बांगडे घ्या, चिरा देऊन मीठ-हळद आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) चोळा, थेट निखाऱ्यावर जाळी ठेवून भाजा, कातडी काळी होऊन फुगली की उलटा. रात्री मात्र भात-पिठलं बरं, लवकर होतं.

विझवताना निखाऱ्यावर वाळू लोटू नका. हे मी परत सांगतो, वाळूखाली निखारा तासन्‌तास गरम राहतो, वरून दिसत नाही आणि सकाळी अनवाणी पळणारं पोर त्यावर पाय देतं. समुद्राचं पाणी ओता, ढवळा, परत ओता, हात लावून गार झाल्याची खात्री करा.

रात्र

अंधार पडल्यावर समुद्रात कुणीही जायचं नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली 14 मुलं बुडाली, तीही दिवसाढवळ्या. सकाळी उतरायचं असेल तर कुठे उतरायचं ते गाववाल्यांना विचारून. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधे एक शांत गुळगुळीत पट्टा दिसतो, लोकांना तोच सुरक्षित वाटतो, पण पाणी परत आत खेचणारा ओढा तिथेच असतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघा.

रात्री उठलात तर चप्पल नाही, बूट, आणि आधी झटकून. मागच्या झुडपांत आणि जांभ्याच्या दगडांत फुरसं असतं, लहान दिसतं पण विषारी. वाळूवर वाहून आलेला समुद्रसाप मेलेला वाटला तरी हात नको. जेवणाची पिशवी उंच टांगा, नाहीतर कुत्री आणि खेकडे दोघंही येतात. जवळचा सरकारी दवाखाना कुठे आहे हे दिवसाच विचारून ठेवा, आणि 108, 112, सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे नंबर कागदावर लिहा, मोबाईल बंद पडतो. भरतीच्या वेळेचा अलार्म लावून एकदा उठा आणि पाणी कुठवर आलंय ते बघा. थंडीत कधी कधी तेव्हाच लाटा फुटताना निळसर चमकतात, बारीक जीवांमुळे, नशिबात असेल तर दिसेल.

संडासासाठी मी म्हणेन गावात एखाद्या घरी पैसे देऊन सोय करा, वहिनी-काकू नाही म्हणत नाहीत. वाळूत पुरलेलं नीट कुजत नाही आणि वारा-पाऊस उघडं पाडतो. अगदीच वेळ आली तर झाडीतल्या मातीत वीतभर खड्डा, विहिरीपासून लांब, आणि टिश्यू पिशवीत घालून परत.

निघताना खड्डे बुजवा, पिशव्यांतली वाळू तिथेच ओता, आपला कचरा घ्या आणि हाताला लागेल तेवढा दुसऱ्याचाही घ्या. घरी आलात की तंबूच्या चेन आणि काठ्यांचे जोड त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, मिठाने चेन आठवड्यात अडकायला लागते, आणि सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका.