छोटी एसयूव्ही घेताय? आधी इंजिनाची पत्रिका बघा

मागच्या महिन्यात मामेभावाचा फोन आला, दादा दहा-अकरा लाखात छोटी एसयूव्ही घ्यायचीये, भरवशाची सांग, आणि लगेच पुढचं वाक्य, सनरूफ पाहिजेच. म्हणलं अरे मे महिन्यात ४२ डिग्रीत सनरूफ उघडून काय पापड वाळवणार आहेस का. पण प्रश्न बरोबर होता, आणि आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात दर दोन महिन्याला कोणीतरी हेच विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी भरवशाची म्हणजे काय ते ठरवा. माझ्या हिशोबाने शनिवारी रात्री उज्जैनहून निघालात तर दीड वाजता घराच्या फाटकात गाडी उभी असली पाहिजे, आणि लग्नाला पुण्याला निघालात अन् सेंधव्याच्या पुढे काही झालं तर शिरपूरच्या मिस्त्रीला बॉनेट उघडून प्रश्न पडता कामा नये. बाकी स्क्रीन किती इंचाची, दिवे रात्री कोणत्या रंगाचे होतात, हे सगळं नंतर.

आणि एक भ्रम काढून टाका, या गाड्या म्हणजे उंच केलेल्या हॅचबॅकच आहेत, ताकद पुढच्या चाकांनाच जाते, चिखलात उतरवायला थार किंवा जिम्नी वेगळी. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी कमी लागतो, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय, त्याच्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. म्हणून तर सगळ्या कंपन्या गाडीचं ढुंगण कापल्यासारखं करून ४ मीटरमध्ये बसवतात. मारुतीची ब्रेझा दिसायला छोटीच पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यात जाते. शोरूममध्ये दोन गाड्यांच्या किमतीत एवढा फरक का म्हणून गोंधळू नका, अर्धं उत्तर इथेच आहे.

आता मुख्य गोष्ट. गाडी निवडू नका, इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी निवडा. बाहेरचा पत्रा दर तीन वर्षांनी नवा येतो, आतलं इंजिन बहुतेक वेळा जुनंच असतं, आणि जुनं असणं हीच त्याची कमाई आहे. मुलीचं स्थळ बघताना आपण घराणं बघतो तसं. ब्रेझामधलं १.५ लिटर पेट्रोल तेच जे अर्टिगात आहे, आणि उज्जैन-ओंकारेश्वरच्या रोडवर अर्टिगा टॅक्सी किती पळतात ते इंदूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. ह्युंदाई एक्स्टरमधलं १.२ चार सिलिंडर तेच जे ऑरामध्ये, आणि ऑरा पण टॅक्सीत भरपूर. मारुतीच्याच फ्रॉन्क्सचं १.२ बलेनोतून आलंय, टाटा पंचचं १.२ टियागोतून. मग काय करायचं, सरवटे बस स्टँडच्या बाहेर टॅक्सीवाल्यांपाशी दहा मिनिटं उभं राहायचं, चहा पाजायचा आणि विचारायचं, भिया किती चालली, क्लच कधी बदलला, इंजिन उघडावं लागलं का. तो माणूस पोटासाठी गाडी चालवतो, त्याला खोटं बोलून काही मिळत नाही. एवढी माहिती शोरूमचा पोरगा तुम्हाला जन्मात देणार नाही, तो बिचारा मागच्या महिन्यात मोबाइल विकत होता.

तीन सिलिंडर की चार, याचं फार टेन्शन घेऊ नका. तीनवालं उभ्या गाडीत थोडं थरथरतं, पंच घेताना ते हाताला जाणवतं, पण थरथरतं म्हणजे लवकर बिघडतं असं नाही. टर्बो पेट्रोल, म्हणजे हवा दाबून भरून जास्त ताकद काढणारं इंजिन (स्कोडा कायलॅक, महिंद्रा ३एक्सओ, फ्रॉन्क्सचं १.० वगैरे), चालवायला मजा येते यात वादच नाही, फक्त त्याला इंजिन ऑइल वेळेवर आणि सांगितलेलंच लागतं, तुम्ही जर सर्व्हिस दोन-दोन महिने पुढे ढकलणारे असाल तर साधं पेट्रोलच घ्या.

गिअरबॉक्सवर मात्र डोकं लावा, पैसे खरे इथेच बुडतात. मॅन्युअल सगळ्यात बिनघोर. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच मशीन दाबतं, स्वस्त आहे, दुरुस्ती पण आवाक्यातली, पण गिअर बदलताना मान हलते आणि चढावर सुटताना थोडी मागे सरकू शकते. टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी), जी ब्रेझा, कायलॅक आणि फ्रॉन्क्स टर्बोत मिळते, ती माझ्या मते ट्रॅफिकसाठी सगळ्यात टिकाऊ. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने काम करणारी ऑटोमॅटिक, सगळ्यात फास्ट, पण ज्यात कोरडे क्लच असतात त्या रांगेत इंच-इंच सरकताना तापतात. आमच्या शेजारच्या काकांची अशीच एक गाडी, कंपनीचं नाव नको, गणपती घाटात ट्रक आडवा झाला म्हणून दीड तास रांग, आणि स्क्रीनवर गिअरबॉक्स गरम झाल्याचा लाल इशारा. गाडी बंद करून बोनटपाशी उभे, काकू आत डबा उघडून बसल्या. गाडी नंतर चालली, बिघडलं काहीच नाही, पण काकांचा विश्वास उडाला तो उडालाच. रोज भंवरकुआंच्या ट्रॅफिकमधून जाणाऱ्या माणसाने हा किस्सा लक्षात ठेवावा.

डिझेलचं सोपं आहे. ऑफिस सहा किलोमीटरवर असेल तर डिझेल नाही म्हणजे नाही. बीएस-६ (धुराचा सध्याचा सरकारी नियम) डिझेलमध्ये धुराची काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते, नुस्ती राजवाडा ते घर केली की फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. आठवड्यातून दोनदा बायपास धरून लांब जात असाल तर किआ सोनेट किंवा ३एक्सओचं डिझेल जरूर बघा.

सीएनजी घ्यायचीच असेल तर कंपनीतून बसवलेलीच, बाहेरून किट लावलं की वॉरंटीचं भांडण तुमच्या गळ्यात. पंच आणि एक्स्टरमध्ये एकाऐवजी दोन छोट्या टाक्या खाली बसवतात म्हणून डिकीत बॅगा राहतात, फ्रॉन्क्समध्ये एकच मोठी टाकी डिकीत, मग लग्नाच्या बॅगा मांडीवर. आणि टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी करून घ्यावी लागते, ते लोक विसरतात.

अगदी नवीन निघालेली गाडी पहिल्या वर्षी घेऊ नका, इंजिन जुनं असलं तरी. वायरिंग, स्क्रीन, सेन्सर यातले किडे पहिल्या गिऱ्हाइकांच्या जिवावरच निघतात. माझ्या साडूने बुकिंग उघडल्या दिवशी पैसे भरले होते, सहा महिन्यात तीनदा सॉफ्टवेअर अपडेटला गाडी वर्कशॉपमध्ये. रस्त्यात कधी बंद नाही पडली हं, पण दर वेळी अर्ध्या दिवसाची रजा गेलीच की.

शोरूमला जायच्या आधी त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, सोमवारी सकाळी, आणि रिसेप्शनच्या सोफ्यावर नुस्तं अर्धा तास बसा. कोण कशासाठी भांडतंय ते कान देऊन ऐका. एकच तक्रार तीन तोंडून आली तर समजून जा. मग पार्ट्सच्या काउंटरवर चार भाव विचारा, पुढचा बंपर, एक हेडलाइट, क्लच सेट, बाहेरचा आरसा. एलईडी हेडलाइटला बल्ब बदलायचा प्रकार बहुधा नसतो, अख्खा सेटच जातो, तो आकडा ऐकून टॉप मॉडेलची हौस अर्धी होते. आणि तुमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला विचाराच, पण "कोणती चांगली" असं नको, तो स्वतःची आवडती सांगेल, "तुझ्याकडे कोणती जास्त येते आणि कशासाठी" असं विचारा.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. आई, बायको, पोरं, सगळ्यांना कोंबा, एसी फुल करा आणि सिमरोलच्या घाटाकडे घ्या. शोरूमवाला "सर एवढं लांब अलाउड नाही" म्हणेल, म्हणू दे, बुकिंग तुमच्या हातात आहे. पाच जण बसवून चढावर थांबवा आणि परत सुटून बघा, साध्या १.२ ची खरी परीक्षा तिथे होते. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, कागदावर एक्स्टरचा १८५ मिमी, निसान मॅग्नाइटचा २०५, पण भरलेली गाडी खाली बसते, म्हणून कॉलनीतल्या सगळ्यात बेकार स्पीड ब्रेकरवरून भरलेलीच नेऊन बघा. आईला मागून स्वतः उतरू द्या, हात न देता. एसीची बटणं गोल फिरणारी असतील तर एक मार्क जास्त, उन्हात स्क्रीन चाचपत बसावं लागत नाही.

सुरक्षेचे स्टार जरूर बघा, भारत एनकॅप (गाडी धडकवून स्टार देणारी आपली सरकारी चाचणी) १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालंय, पंचला ग्लोबल एनकॅपचे २०२१ मध्येच ५ मिळाले होते, कायलॅकला भारत एनकॅपचे ५ आहेत. पण स्टार म्हणजे धडक झाल्यावर काय, रोज सकाळी स्टार्ट होईल का याच्याशी त्याचा संबंध नाही, दोन्ही वेगवेगळं तपासा.

पैशाचं बोलताना ऑन-रोडचा एक-एक आकडा कागदावर लिहून घ्या. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरून भाव काढा, थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान) ३ वर्षांचा लागतोच, स्वतःच्या नुकसानीचा आणि झिरो डेपचा (क्लेममध्ये पार्ट जुना म्हणून पैसे न कापण्याचा) भाग कंपनीप्रमाणे कमी-जास्त होतो. अॅक्सेसरीचं पॅकेज साफ नाही म्हणा, सीट कव्हर बाहेर निम्म्यात होतात. वाचलेल्या पैशात एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, ऑटोमॅटिक असेल तर नक्कीच.

आणि शेवटचं पण टाळू नका, रजिस्ट्रेशन व्हायच्या आधी गाडी यार्डात जाऊन दिवसा उजेडात बघा. टायरवर चार आकडे असतात, ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५वा आठवडा, चारही टायर आणि स्टेपनी साधारण एकाच वेळचे आहेत का, प्लेटवरचा गाडी बनल्याचा महिना जुळतो का, कारण उन्हापावसात पाच-सहा महिने पडून राहिलेल्या गाडीची बॅटरी आणि रबर आधीच दमलेलं असतं. मीटर ४०-५० किलोमीटरच्या वर असेल तर का ते विचारा. दरवाज्याच्या कडांवरून हात फिरवा, परत मारलेला रंग बोटाला लागतो. काही खटकलं तर त्या चेसिस नंबरला नाही म्हणायचं आणि दुसरी मागायची, एकदा एमपी ०९ ची पाटी लागली की मग नुस्ते हात चोळायचे.

मामेभावाने एक्स्टर मॅन्युअल बुक केलीये, सनरूफवाली. आता काय बोलणार.