प्लॅस्टिकचा भूसुरुंग न्यूट्रॉननं कसा सापडतो, वाळूच्या ट्रेवर करून बघा

हे फिजिक्सच्या एमएस्सीवाल्यांसाठी लिहितोय, ज्यांच्या लॅबमध्ये न्यूट्रॉन सोर्स (न्यूट्रॉन बाहेर टाकणारा किरणोत्सर्गी पदार्थ) आहे आणि आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) शेजारी उभा राहणार आहे. घरी करायची गोष्ट नाही ही. आणि खऱ्या सुरुंगाच्या तर आसपासही फिरकायचं नाही.

मेटल डिटेक्टर धातू शोधतो, पण प्लॅस्टिकच्या सुरुंगात धातू म्हणजे डिटोनेटरची नळी, एखादी पिन, बस, आणि जुन्या रणभूमीवर काडतुसं, तारा, डबे यांचा इतका खच असतो की डिटेक्टर पावलापावलाला ओरडतो. टीएनटी, आरडीएक्स, सुरुंगाचं प्लॅस्टिक या सगळ्यात मात्र हायड्रोजन असतो, कोरड्या वाळूत तो जवळपास नसतोच. सारख्या वजनाच्या गोट्या आपटल्या की मारलेली गोटी जागीच थांबते ना, तसंच इथे: हायड्रोजनशी एका टकरीत न्यूट्रॉनची सरासरी निम्मी एनर्जी जाते, 18 एक टकरांत तो मंद होतो, कार्बनला शंभरावर लागतात. हीलियम-3 ट्यूब, म्हणजे न्यूट्रॉन मोजणारी नळी, हे मंद न्यूट्रॉनच पकडते, वेगवान बहुतेक सुटून जातात. म्हणून जिथे काउंट (ट्यूबनं मोजलेले न्यूट्रॉन) वाढतात तिथे खाली हायड्रोजन असण्याचा संशय.

ट्रे मोठा घ्या, 30 सेंमी तरी वाळू भरा, वाळू आधी ओव्हनमध्ये नीट सुकवून घ्या. लाकडी टेबल नको, लाकडातही हायड्रोजन असतो. सोर्स (कॅलिफोर्नियम-252 किंवा अमेरिशियम-बेरिलियम) आणि ट्यूब एकाच रेलवर, वाळूपासून 5 सेंमी वर. उंची थोडी जरी हलली तरी काउंट बदलतात म्हणून हातात धरून करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बॅकग्राउंड. वाळूत काहीही न पुरता 10 जागी 60-60 सेकंद काउंट घ्या आणि सरासरी काढा, त्या सरासरीच्या वर्गमुळाच्या तिप्पट-चौपटीनं आकडा वर गेला तरच संशय घ्यायचा. हे न करता बरेच जण थेट शोधायला लागतात आणि प्रत्येक चढउतार त्यांना सुरुंग वाटतो.

मग मित्राला डमी (खोटा सुरुंग) पुरायला सांगा, तुम्ही बघू नका. पॅराफिन मेणाची चकती सोपी पडते, पण मेणात हायड्रोजन 15 टक्के आणि टीएनटीत 2.2, म्हणजे सिग्नल फुगवून दिसणार. म्हणून दुसऱ्या फेरीत प्लॅस्टिकच्या डबीत मेलामाइन पावडर भरा. आमच्याकडे एकदा रिकाम्या कोपऱ्यात काउंट एकदम चढले, वाळू उपसली तर काहीच नाही, नंतर लक्षात आलं की वहीत लिहिताना मी ट्रेवर वाकलो होतो, माझ्याच अंगातलं पाणी न्यूट्रॉन परत पाठवत होतं.

शेवटी वाळूत थोडं थोडं पाणी मिसळत जा आणि सिग्नल बुडताना बघा. ओलावा 10 टक्क्यांच्या पुढे गेला की ही पद्धत भरवशाची राहत नाही. म्हणूनच नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी ती इजिप्तच्या वाळवंटात तपासली, तिथे 1942 च्या एल अलामेनच्या लढाईतले सुरुंग अजून जमिनीत आहेत. ओल्या मातीसाठी नायट्रोजन शोधतात: नायट्रोजन-14 नं मंद न्यूट्रॉन गिळला की कधीकधी 10.83 एमईव्ही (एनर्जीचं एकक) एनर्जीचा गॅमा किरण बाहेर पडतो. कॅनडाच्या सैन्याच्या गाडीवर हेच यंत्र होतं, पण आधी दुसऱ्या सेन्सरनी संशयित जागा दाखवायची, मग हे तिथे थांबून खात्री करायचं, कारण गॅमा मोजायला वेळ लागतो.

झालं की सोर्स पॅराफिनच्या पिंपात परत, सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं यंत्र) फिरवून बघा आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहा.