हरणांच्या कानातील माइट : ओळख, तपासणी आणि उपचार

चितळ, सांबर, भेकर यांसारख्या हरणांच्या कानाच्या नळीत राहणारा माइट हा गोचिडाच्याच वर्गातला, आठ पायांचा, अर्धा मिलिमीटरच्या आसपास लांबीचा परजीवी आहे. पुष्कळदा तो कानात वर्षानुवर्षे असतो आणि हरणाला त्याची फारशी झळ लागत नाही. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांमध्ये वरून निरोगी दिसणाऱ्या कानांतही तो वारंवार सापडलेला आहे. मात्र प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कळप दाटीने राहतो, प्राणी एकाच गव्हाणीत तोंड घालतात आणि एकाच खांबावर कान घासतात. अशा ठिकाणी हीच सौम्य बाधा वाढून कानात खपल्यांचे थर साचतात, जिवाणूंचा संसर्ग होतो आणि क्वचित तो आतल्या कानापर्यंत पोहोचतो. हे मार्गदर्शन प्राणिरक्षक, तरुण पशुवैद्यक आणि वनकर्मचारी यांच्यासाठी आहे. त्यामागे एक ठाम मत आहे: हरणाला माइटपेक्षा पकडण्याचा धोका मोठा असतो, म्हणून प्रत्येक पाऊल तो धोका लक्षात घेऊनच टाकावे.

सर्वाधिक आढळणारा प्रकार सोरोप्टीस हा आहे. तो त्वचेत बोगदा खणत नाही, तर पृष्ठभागावरच राहतो. त्याच्यामुळे त्वचेला दाह होतो, तिच्यातून लस (चिकट पातळ स्राव) पाझरते, आणि त्या लसीवरच तो जगतो. ही लस सुकून तपकिरी पापुद्र्यांचे थर बनतात व त्यांच्या आडोशाला माइटची पुढची पिढी वाढते. अंड्यापासून प्रौढ होण्यास साधारण तीन आठवडे लागतात. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण औषधाच्या मात्रांमधील अंतर आणि आवाराची स्वच्छता या दोन्ही गोष्टी त्यावर ठरतात. शेळीच्या व सशाच्या कानातही याच गटातील माइट असतो. पूर्वी यजमान प्राण्यानुसार त्याच्या वेगवेगळ्या जाती मानल्या जात; आता अनेक अभ्यासक त्यांना एकच जाती समजतात. म्हणून ज्या उद्यानात मुलांसाठी ससे व शेळ्या ठेवलेल्या असतात, तेथे त्यांचे कान तपासल्याशिवाय हरणांची तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

लांबून निरीक्षण

पहिली तपासणी कुंपणाबाहेरून, दुर्बिणीने करावी. सकाळी चारा टाकल्यानंतर कळप स्थिरावतो, तीच वेळ त्यासाठी योग्य. कान झटकणे हे हरणाचे नेहमीचेच वर्तन आहे, विशेषतः पावसाळ्यात माश्या वाढल्यावर. तेवढ्यावरून काही ठरवू नये. मात्र एकच प्राणी माश्या नसतानाही पुनःपुन्हा डोके झटकत असेल, मागच्या खुराने कानाचे मूळ खाजवत असेल, एक कान सतत खाली पडलेला असेल, कानामागचे केस गेलेले असतील किंवा कानाच्या तोंडाशी तपकिरी खपली दिसत असेल, तर त्या प्राण्याची स्वतंत्र नोंद सुरू करावी. तारीख, प्राण्याची ओळखखूण, डावा कान की उजवा, आणि ठरावीक वेळात डोके किती वेळा झटकले एवढे लिहिले तरी पुरते. उपचारानंतर फरक पडला की नाही हे सांगणारा पुरावा बहुधा हीच वही असते, कारण प्रत्येक वेळी कानातून नमुना घेता येणे शक्य नसते.

मान एका बाजूला कलणे, गोल फिरणे किंवा चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसली तर मधल्या किंवा आतल्या कानाला संसर्ग झाल्याची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे. अशी लक्षणे मेंदूच्या इतर आजारांतही दिसतात, त्यामुळे सगळा दोष माइटवर टाकून थांबू नये. आपल्याकडच्या गवताळ भागात आणखी एक कारण वारंवार निसटते. कुसळी गवत पिकले की त्याची टोकदार कुसळे कानात शिरतात आणि एकाच कानाला अचानक, तीव्र त्रास सुरू होतो. कानातील गोचीड आणि जखमेत पडलेल्या अळ्या याही शक्यता तपासून बाजूला काढाव्या लागतात. दोन्ही कानांत हळूहळू वाढलेल्या, एकावर एक थर असलेल्या खपल्या मात्र माइटकडेच बोट दाखवतात.

नमुना कसा घ्यावा

फक्त कान पाहण्यासाठी हरणाला भूल देणे टाळावे. चितळ विशेष बुजरे असते. पाठलाग, धरपकड आणि उष्णता यांमुळे त्याच्या स्नायूंची गंभीर हानी होते आणि प्राणी काही तासांनी किंवा काही दिवसांनीही मरू शकतो. म्हणून लक्षणे गंभीर नसतील तर खूर कापणे, स्थलांतर, जखमेचा उपचार किंवा रक्त घेणे अशा अन्य कारणाने भूल दिली जाईल तेव्हाच दोन्ही कान पाहावेत. भूल दिलेल्या प्रत्येक हरणाचे कान तपासण्याचा नियमच संग्रहालयाने केला, तर वर्षभरात कळपाचे बरेचसे चित्र अतिरिक्त धोका न पत्करता हाती येते.

काम पहाटेच्या गारव्यात करावे. भूल चढल्यावर प्राण्याला छातीवर बसते ठेवावे, मान उंच व तोंड किंचित खाली असावे म्हणजे लाळ व रवंथाचा चारा श्वासनलिकेत जाणार नाही. डोळ्यांत मलम घालून ते कापडाने झाकावेत आणि दर पाच मिनिटांनी तापमान पाहावे. ते ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले तर नमुन्याचा मोह सोडून अंगावर पाणी ओतावे व भूल उतरवण्याचे औषध द्यावे. आवाज कमी यावा म्हणून कानात कापसाचे बोळे घालतात. ते नमुना घेतल्यानंतरच घालावेत आणि प्राणी सोडण्यापूर्वी मोजून काढावेत.

कानाची पाळी वर व मागे ओढली की नळी सरळ होते. प्रथम ऑटोस्कोपने (कानात पाहण्याच्या दिव्याच्या उपकरणाने) आत पाहावे आणि कानाचा पडदा शाबूत आहे का याची नोंद करावी. नंतर लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवलेली कापसाची काडी नळीत हळुवार फिरवून मळ व खपली गोळा करावी. प्रत्येक कानाची काडी वेगळी असावी. हातमोजे घालावेत. सोरोप्टीस माणसाच्या अंगावर टिकत नाही, परंतु खरजेचा दुसरा माइट, सार्कोप्टीस, माणसाला काही दिवस खाज आणू शकतो आणि कानात नेमके कोण आहे हे त्या क्षणी माहीत नसते.

काचपट्टीवर पॅराफिनचा थेंब टाकून त्यात नमुना पसरावा आणि सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहावा. ताज्या नमुन्यात माइट चालताना दिसतात. सोरोप्टीसचे शरीर लांबट अंडाकृती, तोंड टोकदार आणि पायाच्या टोकाशी तीन सांध्यांच्या लांब देठावर तुतारीसारखा चोषक असतो. कोरिओप्टीस या खरजेच्या आणखी एका माइटचा देठ आखूड व बिनसांध्याचा असतो. सार्कोप्टीस गोल असतो आणि त्याचे मागचे पाय शरीराबाहेर जेमतेम येतात. गाय व शेळी यांच्या कानात राहणारा रायलिएशिया हा आणखी वेगळा, अंगावर पिवळट तपकिरी कवच असलेला माइट आहे. खपली जाड असेल तर ती दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किंचित गरम करून विरघळवावी आणि तळाचा गाळ पाहावा. ओळख पक्की करण्यासाठी काही माइट ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागाकडे पाठवावेत. एका काडीत माइट न दिसणे म्हणजे कान स्वच्छ असणे नव्हे, कारण ते पडद्याजवळ खोलवर राहू शकतात.

उपचार

औषध पशुवैद्यकानेच ठरवावे. सामान्यतः आयव्हरमेक्टिन शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोला ०.२ मिलिग्रॅम या प्रमाणात त्वचेखाली टोचतात. एक टक्क्याच्या द्रावणात प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे ५० किलोच्या चितळ मादीला १ मिलिलिटर आणि २०० किलोच्या सांबराला ४ मिलिलिटर लागते. हे औषध अंड्यांवर चालत नाही. म्हणूनच सुमारे १४ दिवसांनी दुसरी मात्रा आवश्यक ठरते आणि खपल्या जाड असतील तर तिसरीही द्यावी लागते. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली म्हणून दुसरी टाळणे हे बाधा परत येण्याचे नेहमीचे कारण आहे. दुसऱ्या मात्रेसाठी पुन्हा भूल देण्याऐवजी औषध भरलेला डार्ट (लांबून मारायची सुई) वापरता येतो का, हे पशुवैद्यकाशी आधीच ठरवून ठेवावे.

चाऱ्यातून औषध देणे सोपे वाटते, पण कळपातला दांडगा नर गव्हाणीवर आधी ताबा मिळवतो आणि ज्याला औषधाची गरज असते तो आजारी प्राणी मागे राहतो. तो मार्ग घ्यायचाच असेल तर गव्हाणी वाढवून एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. औषध एकट्या आजारी प्राण्याला न देता त्याच्या संपर्कातील सर्व प्राण्यांना एकाच काळात द्यावे.

खपल्या ओरबाडून काढू नयेत. पॅराफिनने मऊ केल्यावर ज्या सुटतील तेवढ्याच काढाव्यात. पडदा फाटलेला असेल तर कानात कोणतेही द्रव औषध पशुवैद्यकाच्या सांगण्याशिवाय घालू नये. वेदनाशामक म्हणून मेलोक्सिकॅम निवडावे. गिधाडांना मारक ठरल्यामुळे डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून, तर किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक २०२३ पासून भारतात बंद आहेत. आयव्हरमेक्टिन शेणावाटे बाहेर पडते आणि शेणातल्या किड्यांच्या अळ्यांना मारते, म्हणून उपचारानंतर दोनेक आठवडे आवारातील लेंड्या रोज गोळा करून वेगळ्या पुराव्यात.

यजमानाच्या अंगाबाहेर हा माइट थंड, दमट जागी दोन ते तीन आठवडे तग धरू शकतो. पहिल्या मात्रेच्या दिवशीच जुने गवत व अंथरूण काढून जाळावे, गव्हाणी धुऊन उन्हात ठेवाव्यात आणि कान घासण्याचे खांब खरवडून धुवावेत. आवाराला दोन भाग असतील तर एक भाग तीन आठवडे रिकामा ठेवणे सर्वांत उत्तम. नवीन आलेला प्राणी किमान ३० दिवस विलगीकरणात ठेवावा आणि वाहतुकीसाठी त्याला भूल दिलेली असतानाच त्याचे कान पाहून घ्यावेत.

रानातील हरणे

मुक्त हरणांवर उपचार करण्याचे कारण फार क्वचित असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना पकडण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि चाऱ्यात औषध मिसळून रानात ठेवल्यास ते कोणी किती खाल्ले हे कळत नाही. तेथे खरे काम लक्ष ठेवण्याचे आहे. अपघातात किंवा अन्य कारणाने मेलेल्या हरणाचे शवविच्छेदन होते तेव्हा दोन्ही कान मुळापासून कापून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत, नळी उभी चिरून पाहावी व खारट द्रावणाने धुऊन गाळ तपासावा. जिवंत प्राण्याच्या कानातील काडीपेक्षा या पद्धतीने कितीतरी अधिक माहिती मिळते.

छोट्या, एकाकी पडलेल्या कळपात मात्र दुर्लक्ष महाग पडते. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील सॅन अँड्रेस अभयारण्यात मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांमध्ये १९७८ मध्ये सोरोप्टीसची खरूज आढळली. दुष्काळ व शिकारी प्राणी यांचीही त्यात भर पडून १९९७ पर्यंत तेथे एकच मादी उरली. नवे प्राणी आणण्यापूर्वी १९९९ मध्ये काही नर तेथे मोकळे सोडले आणि त्यांच्यावर माइट चढतात का हे पाहण्यात आले, आणि ते निरोगी राहिल्यावरच २००२ मध्ये मेंढ्यांचा कळप पुन्हा वसवला गेला. आपल्याकडे हरणे एका जंगलातून दुसरीकडे हलवायची असतील तेव्हा कानांची तपासणी रवाना होण्यापूर्वीच व्हावी, आणि जंगलालगतच्या गावांतील शेळ्यांच्या कानांची पाहणीही त्याच वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्यावी.