लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची, म्हणजे कला-विज्ञानाचे अनेक विषय शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजांची, चार माहितीपत्रकं ओळीने वाचून बघा. छोटे वर्ग, झाडाखाली बसलेली मुलं आणि ‘आमची मूल्यं’ असं एक पान. पाचवं हातात घेईपर्यंत पहिल्यात काय होतं ते आठवत नाही. तरीही बहुतेक जण त्या पानावरूनच मत बनवतात. पहिली चूक हीच.

कॉलेज खरंच काय मानतं, ते त्याच्या नियमांत आणि वेळापत्रकात दिसतं. केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२ पासून ट्यूशन फी घेत नाही, आणि तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास कॉलेजातच काम करावं लागतं. हॅवरफर्डमध्ये सचोटीची नियमावली विद्यार्थी स्वतः चालवतात, परीक्षेत डोक्यावर पर्यवेक्षक उभा नसतो. पोर्टलंडच्या रीडमध्ये ग्रेड नोंदवतात, पण अभ्यास ठीक चालला असेल तर मागितल्याशिवाय सांगत नाहीत. असा एखादा नियम सापडला की स्वतःला विचारा: चार वर्षं रोज हे पाळायला मला आवडेल का? कौतुक वाटणं वेगळं आणि त्यात राहणं वेगळं.

नावावर विसंबू नका. व्हीटन कॉलेज दोन आहेत. इलिनॉयमधलं इव्हँजेलिकल ख्रिस्ती परंपरेचं आहे, तिथे विद्यार्थ्यांना आचारसंहिता मान्य करावी लागते; मॅसॅच्युसेट्समधल्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. आयोवातलं कॉर्नेल कॉलेजही न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठापेक्षा वेगळं. फॉर्म भरताना राज्याचं नाव दोनदा वाचा.

जागेच्या बाबतीत लोक नकाशा बघतात आणि फसतात. स्वार्थमोरच्या कॅम्पसच्या पायथ्याशीच रेल्वे स्टेशन आहे, फिलाडेल्फिया साधारण ११ मैलांवर. ग्रिनेल आयोवातल्या छोट्या गावात आहे, डे मॉइन्स ५० मैलांहून जास्त लांब, आणि थंडी हाडं गोठवणारी. म्हणून ग्रिनेल कमी ठरत नाही. शनिवार-रविवारी सगळे कॅम्पसवरच असतात आणि त्यातून घट्ट मैत्री जमते. काहींना मात्र तिथेच गुदमरायला होतं. तुम्ही कोणत्या प्रकारचे आहात, हे एप्रिलच्या उन्हात दिलेल्या भेटीत कळत नाही. तिथे शिकणाऱ्या मुलाला विचारा, “फेब्रुवारीत मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तू कुठे असतोस, कोणाबरोबर?” या एका उत्तराला मी अख्ख्या माहितीपत्रकापेक्षा जास्त किंमत देईन.

गाव लहान असलं तरी शेजारची कॉलेजं मदतीला येतात. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटची पाच कॉलेजं एकमेकांना लागून आहेत. ॲमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होल्योक यांच्यामध्ये बस धावते. दुसरीकडचे किती कोर्स घेता येतात, तेवढं तपासा.

पैशांबाबत एक घोळ नेहमी होतो. कॉलेजच्या वेबसाइटवरचा खर्चाचा कॅल्क्युलेटर मुख्यतः अमेरिकन कुटुंबांसाठी असतो. परदेशी विद्यार्थ्याने त्यावर हिशेब बांधू नये. शिवाय प्रवेश देताना ऐपत न बघणं आणि लागेल तेवढी पूर्ण मदत देणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींबद्दल आर्थिक मदत विभागाला ईमेलने वेगवेगळं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.