रोम बघायला जाताय? पाटी वाचून फसू नका

पँथिऑन या जुन्या रोमन देवळाच्या कपाळावर हातभर अक्षरांत कोरलंय: ल्युशियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना याने हे बांधलं. कॉन्सल म्हणजे रोमचा निवडून आलेला सर्वोच्च अधिकारी, आणि अग्रिप्पाची ती तिसरी खेप इसवी सनापूर्वी २७ ची. लोक वाचतात, फोटो काढतात, आत शिरतात आणि इथेच फसतात. अग्रिप्पाची इमारत जळाली. आज उभी आहे ती सम्राट हेड्रियनच्या काळातली, इ. स. १२५ च्या आसपासची. विटांवरच्या शिक्क्यांवरून ते कळलं. सगळं नव्याने बांधूनही हेड्रियनने नाव जुन्याचंच ठेवलं. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरही देणगीदाराचं नाव रंगवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जडच.

पाऊस आहे म्हणून पँथिऑन रद्द करण्याची चूक तर मुळीच करू नका. घुमटाच्या मधोमध उघडं भोक आहे, त्यातून पाऊस सरळ आत पडतो. तेव्हा वर नाही, खाली बघा. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिच्यातल्या बारीक छिद्रांतून पाणी निघून जातं.

कलोसियमपाशी हमखास कुणीतरी सम्राट नीरो इथे बसून खेळ बघायचा अशी गोष्ट सांगतं. नीरो गेला इ. स. ६८ मध्ये, कलोसियम खुलं झालं ८० मध्ये. उलट नीरोच्या महालातलं कृत्रिम तळं इथे होतं. ते आटवून नंतरच्या सम्राट व्हेस्पेशियनने लोकांसाठी हे बांधायला घेतलं. भिंतींवरची भोकं गोळ्यांची नव्हेत. दगड सांधणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात लोकांनी उकरून नेल्या, त्या जागा आहेत.

इथलं तिकीट नावावर निघतं. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, असला घोळ आपल्याकडे सहज होतो. बुकिंग करताना पासपोर्ट समोर ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो. गर्दीचा कंटाळा असेल तर तो दिवस सोडा.

फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, उन्हाळ्यात भर दुपारी उतरू नका, सावली नावालाच आहे. आधी कॅपिटोलाइन टेकडीवर जा. महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे गेलं की सगळा फोरम खाली पसरलेला दिसतो, तोही फुकटात. हे न करता थेट खाली गेलात, तर दोन तास नुसते खांब बघाल.

आणि ज्युलियस सीझरला फोरममध्ये मारलं, हे डोक्यातून काढा. तिथे त्याचं दहन झालं. त्या मातीच्या ढिगाऱ्यावर लोक अजून फुलं ठेवतात. खून झाला पॉम्पे या सेनापतीने बांधलेल्या सभागृहात. ती जागा लार्गो दि तोर्रे अर्जेंतिना चौकात, बस-ट्रामच्या गजबजाटात, रस्त्याच्या पातळीखाली आहे. २०२३ पासून आत फिरता येतं. मांजरं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून फिरताहेत.

ट्रेव्ही कारंजं प्राचीन रोमन समजू नका, ते पुरं झालं १७६२ मध्ये. त्याच्याशी जोडलेला पाण्याचा मार्ग मात्र इसवी सनापूर्वी १९ चा, तोही अग्रिप्पानेच आणलेला. नाणं टाकायला सगळे कारंज्याकडे पाठ करून उभे राहतात. तुमचं टाकून झालं की वळा आणि डावीकडे वर बघा: शिल्पपटात अग्रिप्पा त्या कालव्याचा आराखडा बघतोय.