गोफण वळून वेढ्याचे तंत्र हाताने कसे समजून घ्यावे

दादर ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की खानदेशात माळ्यावर उभे राहून पाखरे हाकण्यासाठी जी गोफण वापरली जाते, तीच हाती घेऊन, प्राचीन युरोपातल्या केल्ट टोळ्यांनी आणि रोमन सैनिकांनी तटबंद्यांना वेढे कसे दिले, हे हाताने समजून घेता येते.

प्रथम अंबाडीच्या वाखाचे सुमारे अडीच फुटांचे दोन सारखे दोर वळावेत, मध्ये तळहाताएवढी झोळी विणावी आणि एका टोकाला मधल्या बोटात बसेल असा फास, तर दुसऱ्या टोकाला गाठ ठेवावी. स्पेनजवळच्या बॅलेरिक बेटांवरचे प्राचीन काळातले नावाजलेले गोफणकरी अंतरानुसार वापरण्यासाठी वेगवेगळ्या लांबीच्या तीन गोफणी बाळगत.

खरी कसोटी दगड निवडण्यात आहे. तापी किंवा गिरणेच्या पात्रातून कोंबडीच्या अंड्याहून थोडे लहान, गुळगुळीत गोटे वेचावेत आणि तराजूवर तोलून एकाच वजनाचे तेवढे ठेवावेत, कारण वजन बदलले की प्रत्येक फेकीला हाताचा अंदाज नव्याने बांधावा लागतो. इंग्लंडमधील मेडन कॅसल या लोहयुगीन गढीत समुद्रकिनाऱ्यावरून आणलेल्या अशा २० हजारांहून अधिक गोट्यांचा एकच साठा सापडला, यावरून ही निवड किती मनापासून होत असे ते दिसते. रोमनांनी साच्यात शिशाच्या बदामाच्या आकाराच्या गोळ्या ओतून हा प्रश्न सोडवला, इ.स.पू. ५२ मध्ये वेढा पडलेल्या, आजच्या फ्रान्समधील अलेसियाच्या परिसरात रोमन सेनापती ज्युलियस सीझरचा सेनानी लाबिएनस याच्या नावाच्या गोळ्या मिळाल्या आहेत.

सराव कापणी झालेल्या मोकळ्या शेतातच करावा, आणि सुरुवातीला दगड मागेही सुटत असल्यामुळे चहूबाजूंनी माणूस वा गुरे नाहीत याची खात्री करावी. फास बोटात अडकवून, गाठ चिमटीत धरून, डोक्यावरून एकच फेरा द्यावा आणि हात लक्ष्याकडे येताच गाठ सोडावी. जास्त फेऱ्यांनी नेम बिघडतो.

लक्ष्य म्हणून मडके न ठेवता बांधाचा दहा पावलांचा पट्टा निवडावा. कारण आजच्या उत्तर फ्रान्स-बेल्जियम भागातले बेल्जी लोक वेढ्यात तटाला चहूबाजूंनी घेरून एवढे दगड फेकत की वर कोणी उभे राहू शकत नसे, आणि मग डोक्यावर ढाली धरून ते दरवाजापाशी जाऊन तट पोखरत. इ.स.पू. ५७ मध्ये रोमच्या बाजूच्या बिब्राक्स गावावर त्यांनी हेच केले, तेव्हा सीझरने मध्यरात्री न्युमिडियन (उत्तर आफ्रिकेतले) व क्रीट बेटाचे तिरंदाज आणि बॅलेरिक गोफणकरी गावात धाडले, आणि बेल्जींनी ते गाव जिंकण्याची आशा सोडली.